आक्काची तुटकी भुवई

रुद्रेशला माणसांची शिसारी आली ती फोटोंमुळं. आता फोटो बिचारे काय करणार? तरीबी लोहाऱ्यात, तहसीलकडं जाणाऱ्या रस्त्यावर ग्राफिक्सचं दुकान टाकून बसलेल्या माणसाला विचारा, दिवसभर काय काय बघावं लागतं ते. कुणी स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठवणार, वर बॅटरीची खूण, खाली कुणाचातरी अंगठा. कुणी भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो काढणार, अन् त्या काचेत पाठवणाराचंच पोट दिसणार. तो फोटो चार ग्रुपांतनं फिरून पार चिंधी झाला की मग रुद्रेशकडं येणार, अन् वर हुकूम, "जरा मोठा कर की. चौकात लावायचाय."

त्यात वाढदिवसांचे फ्लेक्स. मधे एक भाऊ, गॉगल लावलेला, अन् भोवती शुभेच्छुकांची मुंडकी. कुणाचं मुंडकं कुणाच्या वर, यावरनं दुकानात शिव्यागाळी. रुद्रेशला वेबसाइटींची, बोधचिन्हांची कामं आवडायची. एखाद्या शाळेचं, चटणीच्या पाकिटाचं नीट चिन्ह काढून द्यावं, तर लोकांना त्याची किंमत न्हाय. "नेटवरनं उचल की एखादं," म्हणायचे. चोरायचंबी त्यानंच, अन् तेबी घाईनं! घरी जाऊन तोंड धुतलं तरी दिवसभराची ती मुंडकी डोळ्यांपुढनं हलायची न्हाईत.

असल्याच एका दिवशी उमाशंकर दुकानात आला. सास्तूरचा, रुद्रेशच्याच गल्लीतला. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले, ते ताट उमाशंकरच्या आईचं, शांताक्काचं. आक्का वारली त्याला वरीस होत आलं होतं. उमाशंकर आता पुढारी झाला होता. निवडून कशात आला नव्हता, पण पांढरे कपडे शिवून घेतले होते.

"रुद्र्या, आक्काचं पहिलं पुण्यस्मरण जोरात करायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशीच शांताक्का प्रतिष्ठान काढतोय. चिन्हात आक्काचा चेहरा पायजे. तोच वेबसाइटवर, तोच मंडपातल्या फ्लेक्सवर. पार वीस फूट लांब!"

आक्काचं नाव ऐकून रुद्रेशला बरं वाटलं. म्हणलं, एक तरी काम मनाजोगं आलं. तेवढ्यात उमाशंकरनं मोबाइलवर फोटो पाठवला, अन् रुद्रेशच्या कपाळाची शीर उठली. मूळ फोटो कुणाच्यातरी लग्नातला, पंगतीतनं कातरून घेतलेला. तो उमाशंकरनं कसल्याशा अॅपमधनं उजळून काढला होता. आक्का काळीसावळी, तोंडावर उन्हाच्या रेघा. इथं एक गोरीपान बाई बसली होती, गाल गुळगुळीत, डोळे पाणीदार. तोंडावर इस्त्री फिरवल्यासारखी.

"हे चालायचं न्हाय," रुद्रेश म्हणाला. "एक तर ही आक्का दिसत न्हाय. दुसरं, हा बिटमॅप हाय, अन् लई बारका हाय. परडीभर ज्वारी ताटात पसरली तर ताट भरतं. तीच अंगणात पसरली तर दाण्यादाण्यातनं भुई दिसती. फोटोत असेच दाणे असतात, पिक्सेल म्हणतात. ताणला की कंप्युटर एकेक दाणा फुगवतो. वीस फुटावर आक्काच्या गालाच्या फरश्या होतील."

"मग?"

"मग वेक्टर करायचा. मी हातानं चेहरा काढतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आपल्या घरांची आखणी झाली, आठवतं का तुझे आप्पा सांगायचे ते? खुंट्या ठोकायच्या अन् मधे दोरी ताणायची. खुंट्या कितीबी लांब न्या, दोरी दोरीच राहती. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हरभऱ्याएवढा लाव न्हायतर मंडपावर लाव, चेहरा तोच, रेघ तितकीच साफ."

"कर मग," उमाशंकर म्हणाला. "पण झाक झाला पायजे. मोठे साहेब येणारेत."

रुद्रेशनं उमाशंकरच्या वडलांना, विरुपाक्षआप्पांना फोन लावला. घरात आक्काचा खरा फोटो असंल तर घेऊन या म्हणाला. आप्पा दुसऱ्याच दिवशी जीपनं लोहाऱ्याला आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला, अंगठ्याएवढा फोटो. कपाळावर विभूतीचे पट्टे, खाली कुंकू, अन् कॅमेऱ्याकडं बघणारी, जरा रागावलेली आक्का. फोटो बघताच रुद्रेशला आक्काच्या भाकरीचा वास आला.

त्यानं फोटो स्कॅन केला, खालच्या थराला, लेअरला ठेवून हलू नये म्हणून कुलूप घातलं, वर नवा कोरा लेअर घेतला अन् पेन टूलनं रेघ धरायला बसला. यात नवशिके एकच घाण करतात, खुंट्यांसारखे बिंदूवर बिंदू ठोकत सुटतात अन् चेहरा थंडी वाजल्यासारखा थरथरतो. रुद्रेश हनुवटीला दोनच बिंदू घ्यायचा, मधली रेघ वाकवायचा. आप्पा शेजारी खुर्चीवर अंग चोरून बसले होते. हळूहळू पडद्यावर नाक आलं, ओठ आले, पदराचा काठ आला.

"भुवई अशी न्हाय लेकरा," आप्पा एकदम म्हणाले. "डावी भुवई तुटल्याली हाय."

फोटोत तिथं नुसता डाग होता. आप्पांनी पडद्याला बोट लावलं अन् भुवईच्या मधनं वर कपाळापर्यंत एक वाकडी रेघ ओढून दाखवली.

"भूकंपाच्या त्या पहाटं," ते म्हणाले, "भिंत आली तवा उमा अंगावर पीत व्हता. ही त्याच्यावर पालथी पडली. वरचं लाकूड हिच्या डोक्यात बसलं. म्या दगडं उपसली तवा तोंड रगतानं भरल्यालं, अन् खाली पोरगं रडतंय. मला म्हणाली, आधी ह्याला घ्या." आप्पांनी बोट खाली घेतलं. "दवाखान्यात टाकं घातलं, पर भुवई जुळली न्हाय. म्या म्हणायचो, दिसायला बरी हाईस आता, खूण हाय तर हरवणार न्हाईस. लई हसायची."

रुद्रेशनं भुवई तोडली. दोन तुकडे केले, मधनं व्रणाची रेघ काढली, तीन बिंदूंची, वर जाता जाता बारीक होणारी. आप्पा खुर्चीतनं उठले, पडद्याजवळ गेले अन् बघतच राहिले. मग कानाच्या पाळीला हात लावून म्हणाले, "आली बघ." रुद्रेशनं उगंच माऊस झटकल्यासारखं केलं. लई दिवसांनी त्याला आपल्या धंद्याची किळस वाटली नव्हती.

दोन दिवसांनी उमाशंकर आला, उभ्याउभ्याच पडद्याकडं बघितलं अन् तोंड वाकडं केलं.

"हे काय रं? अॅपमधला फोटो दिला व्हता तसा गोरा कर. अन् हे कपाळाला काय? काढून टाक."

रुद्रेशला वाटलं, ह्याला ठाऊक नसंल. "उम्या, ती खूण तुझ्यापायी हाय. तुझ्यावर—"

"म्हायती हाय मला! जल्माला आल्यापास्नं ऐकतोय. पण ते घरातलं घरात. मोठी माणसं येणार, पेपरवाले येणार, अन् आई कशी दाखवू? मारामारीत भुवई फुटल्यासारखी?"

रुद्रेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी अगदी ओठावर आली होती. ती गिळून तो खुर्चीवरनं उठला अन् माऊस उमाशंकरपुढं सरकवला.

"मी काढत न्हाय. व्रणाची रेघ वेगळी हाय. तिच्यावर क्लिक करायचं अन् ही डिलीटची कळ दाबायची. तुझ्या हातानं पूस."

त्याला खात्री होती, ह्याचा हात थांबंल. आईचा चेहरा समोर हाय, बोटाखाली ती जखम हाय. कसाईबी थबकला असता. उमाशंकरनं खुर्ची ओढली, क्लिक केलं, कळ दाबली. व्रण गेला. कपाळ साफ झालं, अन् त्याखाली भुवईचे दोन तुकडे तसेच उघडे पडले.

"हे बघ, किती सोपं," उमाशंकर म्हणाला. "आता तेवढी भुवई जोड."

"नीघ," रुद्रेश म्हणाला.

"आँ?"

"नीघ म्हणलं ना! दुकानातनं नीघ. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं बघितली होती, पर मढ्याचं कपाळ पुसून खाणारा तूच."

उमाशंकर लई काय काय बोलला. धंदा बसवीन म्हणाला, ह्या चित्राला कोण विचारतो म्हणाला, अन् गेला. तो गेल्यावर रुद्रेशनं काम एक पाऊल मागं घेतलं. पडद्यावर व्रण पुन्हा जागेवर आला. त्यानं ते चित्र चांगल्या कागदावर छापलं अन् सास्तूरला जाऊन आप्पांच्या हातात दिलं. पोराशी काय झालं ते मात्र त्यांना सांगितलं न्हाय. कुठल्या तोंडानं सांगायचं?

पुण्यस्मरणाच्या दिवशी सास्तुरात मंडप पडला. रुद्रेश आप्पांसाठी गेला होता, न्हायतर त्या वाटेला गेला नसता. उमाशंकरनं धाराशिवहून फ्लेक्स आणवला होता, अॅपातल्याच बाईचा. लांबनं गोरी, गुळगुळीत. जवळ गेलं की गालाच्या चौकोनी फरश्या, डोळ्यांच्या कडांना पायऱ्या, अन् भुवया दोन्ही अखंड, कोरलेल्या. बायका येत होत्या, फुलं वाहत होत्या, पदर डोळ्यांना लावत होत्या. आयुष्यभर जिच्याजवळ बसून शेंगा फोडल्या, तिच्या जागी भलतीच बाई टांगलीय, अन् कुणाला त्याचं काही न्हाय!

आप्पांना नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी बसवलं होतं. नजर अधू झालेली, त्यामुळं तिथनं त्यांना फ्लेक्स धड दिसत नव्हता. घरच्या गुरूंची, जंगमस्वामींची पूजा झाली. उमाशंकर माइकपाशी आला.

"भूकंपाच्या त्या काळरात्री," त्यानं आवाज कापरा केला, "ह्या माउलीनं मला पोटाशी धरलं. वरनं भिंत कोसळली. लाकूड तिनं आपल्या डोक्यावर झेललं! कपाळ फुटलं, रक्ताचा पूर आला, पण लेकराला सोडलं न्हाय! ती जखम तिनं मरेपर्यंत दागिन्यासारखी मिरवली!"

साहेबांनी रुमाल काढला. उमाशंकरनं त्या सपाट, कोऱ्या कपाळाकडं हात करून डोळे पुसले. रुद्रेश मागं खांबाला टेकून उभा होता. ज्या बोटानं पुसलं, तेच बोट वर केलंय!

मग आप्पांना फूल वाहायला उठवलं. दोघांनी धरून त्यांना फ्लेक्सपाशी नेलं. ते पार जवळ गेले, मान वर केली, डोळे बारीक केले. फूल हातातच राहिलं. त्यांनी हात उंचावून बोटानं डावी भुवई चाचपली, या टोकापासनं त्या टोकापर्यंत, मग कपाळ चाचपलं. पुन्हा एकदा चाचपलं.

"चढवा फूल आप्पा," उमाशंकर म्हणाला.

आप्पांनी वळून पोराकडं बघितलं. माइक दोघांच्या मधेच होता, त्यामुळं सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

"उमा," ते म्हणाले, "त्या पहाटं ही न्हवती तिथं."

क्षणभर कुणाला काय कळलं न्हाय. उमाशंकरनं बापाच्या हातातनं फूल काढून घेतलं, स्वतःच वाहिलं, अन् माइकवर हसून म्हणाला, "आप्पाचं वय झालंय मंडळी. बायको वळखू येईना त्यास्नी."

लोक हळहळत हसले, अन् मग साहेबांनी टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली.