पानी गेलं का वं?

आमच्या आईंनी बांधलेली गाठ दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. फुलपुडीचा दोरा असो, कढीपत्त्याची जुडी असो की नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं असो, त्यांची गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असायची, आणि इतकी घट्ट की मी नखं मोडून घ्यायची आणि शेवटी कात्री शोधायला उठायची. लगेच मागून आवाज यायचा, "कात्री काहून घेऊन राहिली? मले आवाज द्यायचा ना." मग चष्मा न लावता, दुसरीकडेच बघत, त्या अंगठ्याने कुठेतरी दाबायच्या आणि गाठ सुटायची. त्या उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. लहानपणी मागावर तुटलेला धागा जोडायचं काम त्यांच्याकडे असे, आणि जोड बोटाला जरा जरी लागला तरी त्यांचे वडील तो पुन्हा करायला लावत. माग केव्हाच बंद पडला. बोटांनी मात्र ते काम सोडलं नव्हतं.

एवढ्या सुरेख बोटांच्या बाईचा जीव अडकला होता मोरीत. लग्न होऊन आल्यावर त्या नाल्याकाठच्या घरात राहायच्या. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी उलटं मोरीतूनच घरात शिरलं आणि खाटेपर्यंत चढलं. दोन लेकरं कडेवर घेऊन त्या खाटेवर उभ्या होत्या. त्यानंतर घर बदललं, गल्ली बदलली, पण रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या मोरीत तांब्याभर पाणी ओतायच्या आणि पदर कानामागे सारून ऐकत उभ्या राहायच्या. खालून गडगड आवाज आला की सुस्कारा. आपण ऐकलं त्यावर भरवसा नसायचा, म्हणून मग मला विचारायचं, "पानी गेलं का वं?" मी कणीक मळता मळता म्हणायची, "गेलं, आई." हे इतकी वर्षं चाललं की दिवेलागणीला मी कुठेही असले तरी, मिहानच्या ऑफिसात मीटिंगमध्ये का असेना, माझ्या तोंडात ते 'गेलं, आई' तयार असायचं.

त्यांना सगळ्याचीच काळजी. विलास, माझा नवरा, मौद्याहून ड्युटी करून येईपर्यंत त्या दारातच. मी धरमपेठेत माहेरी गेले आणि फोन उचलला नाही तर माझ्या आईला फोन. "घरात पानी थांबलं का भिंत नासते अन् मनात काळजी थांबली का मानूस नासते," असं म्हणायच्या, आणि म्हणून आपली काळजी लगेच दुसऱ्याकडे सोडून मोकळ्या व्हायच्या. ती दुसरी बहुतेक मीच असायची. मी चिडायची, तोंडही करायची. पण सासरचे दागिने सुनेच्या अंगावर चढतात तशी सासरची भीतीही चढते. पुढे पुढे मीच रात्रीचा नळ पुन्हा पुन्हा पिळून बघायला लागले.

मग त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, किल्ली, असलं सगळेच विसरतात ते. मग वरणात साखर पडली. चहाचं भांडं जळून काळं झालं आणि त्या शेजारीच बसून वाती वळत होत्या. भांडी घासता घासता नळ तसाच सोडून त्या उठून गेल्या आणि वरची टाकी रिकामी झाली, आणि हे एकदाच घडलं नाही. माझे थोरले दीर हैदराबादला असतात. ते दिवाळीला आले तेव्हा जेवताना सरळ बोलले, "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, मुलं शाळेत. ही एकटी गॅसजवळ. आता आणखी असं काही झालं तर मी आईला घेऊन जातो. माझ्याकडे चोवीस तास बाई आहे." त्यांचं काही चुकत नव्हतं, तेच तर वाईट होतं. ते हात धुवायला उठल्यावर आई माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "मले नको धाडू वं. तेथं इतक्या वरते घर हाये, मोरी कुठं हाये तेबी दिसत नाई."

"कोण धाडतंय तुम्हाला," मी म्हटलं. आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक बिघाडाची मला धास्ती बसली. दिवा लागला नाही की मी आधी बघायची, बटण आईंनी तर नाही ना बंद केलं.

नळाचा प्रश्नच नको म्हणून आम्ही भांडी धुण्याचं मशीन घेतलं. बसवायला आलेल्या माणसाने पाणी बाहेर जायची नळी भिंतीतून काढून मागच्या अंगणातल्या मोरीवर सोडली. आई त्याच्या मागे मागे. "या नळीतून घूस नाई ना शिरन?" तो हसला. "नाही शिरत, आजी. फक्त नळीचं तोंड मोकळं ठेवजा, नाहीतर पाणी जाणार नाही." हे मात्र आईंनी मंत्रासारखं पाठ केलं. दूधवाला, शेजारच्या काकू, माझी बहीण, जो येईल त्याला मशीन दाखवायच्या आणि सांगायच्या, "नळीचं तोंड मोकळं ठेवा लागते बरं." स्वतः मात्र सगळी भांडी आधी लख्ख घासूनच मशीनमध्ये ठेवायच्या. "ते बाई कितीक घासन," म्हणायच्या. मशीनला त्या बाईच म्हणत.

त्या शनिवारी सकाळी मशीन मध्येच थांबलं आणि टीं टीं करायला लागलं. विलास ड्युटीवर होता. दार उघडलं तर तळाशी पिवळट पाणी साचलेलं, वर तेलाचा तवंग. आई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. साचलेलं पाणी बघून त्यांचा चेहराच उतरला. पण त्या घुशीबद्दल बोलल्या नाहीत की मोरीबद्दल. हळूच म्हणाल्या, "माह्याकडून काई झालं का वं?"

"तुमच्याकडून कसं होईल? मशीन आहे, बिघडतं," मी म्हटलं आणि मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. बिघाड मशीनमधलाच निघू दे बाप्पा. मोटर जळलेली निघू दे, वाटेल तो खर्च करते.

दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येणार नव्हता, पण फोनवर एकेक सांगायला तयार झाला. "ताई, आधी प्लग काढा. पाणी उपसा. मग तळाची जाळी फिरवून काढा, नव्वद टक्के घरांत तिथंच घाण असते." मी वाटीने पाणी उपसलं. जाळी काढली. मोठ्या आशेने काढली. आत कढीपत्त्याचं एक पान. आई भांडी इतकी घासून ठेवायच्या की घाण येणार कुठून? जाळी धुऊन बसवली, मशीन लावलं. घूं घूं आवाज आला, नवं भरलेलं पाणीही तिथेच.

"आवाज येते ना? म्हणजे मोटर चांगली आहे," तो खुशीत म्हणाला. माझा हिरमोड झाला. मग जाळीखालचा छोटा पंखा बघायला सांगितला, काचेचा तुकडाबिकडा अडकतो म्हणे. मी बोट घालून फिरवला. भिंगरीसारखा फिरला. मग मशीन पुढे ओढून मागची नळी पाहिली, कुठे मुरगळलीय का, दबलीय का. नळी नीट होती. तो एकेक गोष्ट चांगली आहे म्हणून सांगत होता आणि मी आणखी कुठे काही बिघडलेलं सापडतंय का ते शोधत होते. आई ओट्याला टेकून उभ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मग ताई, नळीचं बाहेरचं टोक पाहा. कुठं सोडलंय?"

मला माहीत होतं कुठे सोडलंय. मी मुद्दामच "एक मिनिट" म्हणून उगाच हात धूत राहिले. पण आई केव्हाच मागचं दार उघडून बाहेर गेल्या होत्या.

नळीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. आईंच्या जुन्या लुगड्याचं, निळ्या काठाचं, दुहेरी घडी करून. साबणाच्या चिकट साक्याने ते तट्ट फुगलं होतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. वर दोरा गुंडाळून गाठ.

"कोनं बांधलं वं हे?" आई चिडून म्हणाल्या. "नळीचं तोंड मोकळं ठेवा म्हून तो सांगून गेला ना? विलासनं बांधलं असन. घूस शिरन म्हून बांधलं असन त्यानं."

"हो, त्यानेच असेल," मी म्हटलं. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून मी गाठ सोडवायला लागले. सुटेना. नख मोडलं. कात्री आणायला उठले तशा त्या म्हणाल्या, "थांब. कात्री काहून घेऊन राहिली?" आणि नेहमीसारख्या दुसरीकडे, पेरूच्या झाडाकडे बघत, त्यांनी अंगठा दाबला. गाठ सुटली. नळीत अडलेलं सगळं पाणी भसकन त्यांच्या पायावर आलं.

मला हायसं वाटलं, ते क्षणभरच. आईंचा अंगठा त्या दोऱ्यावरून हलेना. ओला दोरा डोळ्यांजवळ नेऊन त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तं माही गाठ हाये."

"असू दे आई. मीही किती विसरते."

"तू नाई विसरत." त्या पायरीवर बसल्या. साडीची कड भिजलेली, तिकडे लक्ष नाही. "मले हे बांधलेलं आठवत नाई वं. जरासं बी नाई." फोनमधून तो माणूस "पाणी गेलं का ताई?" असं विचारत होता. मी फोन बंद केला. मग त्यांनी दोरा नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. "आज फडकं होतं. उद्या गॅस असन. थोरल्याले फोन लाव."

मी लावत नव्हते. मी रडत होते, आणि मला कुणाचा राग येत होता हेही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "लाव. मीच सांगीन त्याले. तू सांगशीन तं लोक म्हनतीन, सुनेनं धाडलं."

जन्मभर सगळ्याला घाबरलेल्या या बाईचा आवाज फोनवर जराही कापला नाही. "मी येऊन राहिली तुह्याकडे," एवढंच बोलल्या, जसं काही चार दिवस पाहुणी जायचं होतं.

जायच्या आधी त्यांनी घरातल्या प्रत्येक नळाला नवं फडकं बांधलं. स्टेशनवर, गाडी सुटताना, खिडकीतून मला सांगितलं, "त्या बाईच्या नळीले काई बांधजो नको." मी हसले आणि मग फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. विलास पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होता.

हैदराबादहून रोज संध्याकाळी फोन यायचा. मुलाबाळांची विचारपूस, भाजी काय केली, आणि शेवटी, "पानी गेलं का वं?" पुढे भाजीचं सुटलं, मग मुलांची नावं, मग मी कोण हेही. दीर फोन त्यांच्या कानाशी धरायचे. पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा आणि कधीतरी, अनोळखी बाईला विचारावं तसं, "पानी गेलं का?" मी म्हणायची, "गेलं, आई." त्यांचा सुस्कारा मला इकडे ऐकू यायचा. या उन्हाळ्यात त्या तिकडेच गेल्या.

परवा मशीन पुन्हा टीं टीं करायला लागलं. तळाशी पाणी. अशा वेळी आधी जाळी बघायची असते, हे आता आमच्या गल्लीत माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी जाळीला हात लावला नाही. मागचं दार उघडून अंगणात धावले आणि मोरीशी वाकले. नळीचं तोंड मोकळं होतं. तरी मी त्याच्यावरून सगळीकडून बोट फिरवून बघितलं. मग आत आले, जाळी काढली. लिंबाची बी आणि थोडी शितं अडकली होती. मशीन लावलं, पाणी गडगडत गेलं, आणि मी ओट्याला टेकून हुंदके देत राहिले. बिघाड मशीनमधलाच होता.