वाढत्या अंगाची गाडी

नायगारा धबधबा मी ऐकलेला आहे. पाहिलेला नाही, कारण पिशव्या माझ्याकडे होत्या. बाकीची मंडळी निळे रेनकोट घालून बोटीत गेली आणि मी बाकावर बसून चार पिशव्या, एक छत्री आणि कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं कणीस सांभाळत होते. आवाज चांगला होता.

ग्रँड कॅन्यनचंही तसंच झालं. तिथे आवाजसुद्धा नव्हता.

हे कुणी माझ्यावर लादलं होतं असं नाही. "मी बसते हो इथे, तुम्ही या जाऊन," हे वाक्य मी इतक्या सफाईने म्हणायचे की लोकांना वाटायचं, हिला पिशव्यांची आवडच आहे. पुढे पुढे विचारायचेही बंद झाले. गाडी थांबली की दारं उघडायची, आणि एकेक पिशवी माझ्या मांडीवर यायची.

मग मुलाने कॅलिफोर्नियातली, क्युपर्टिनोची नोकरी सोडली आणि सगळं बिऱ्हाड आयडाहोला आणलं. आम्ही दोघं निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहायला आलो होतो, त्यामुळे बिऱ्हाडात आम्हीही होतो. नात तेव्हा चार वर्षांची होती आणि मी साठीच्या अलीकडे, म्हणजे तशी पोरगीच. आयडाहोला हिवाळा आला की येतो आणि बसतो, चहा घेतल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. मुलगा घरात बसून हिवाळा संपायची वाट बघायचा. सून मात्र पहिल्याच वर्षी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटारसायकलसारखी गाडी, शिकली. नागपूरची मुलगी, जिने बर्फ म्हणून काय पाहिला असेल तो रसवंतीच्या दुकानात, आणि ती शनिवारी सकाळी डोंगरात नाहीशी व्हायची आणि दुपारी लाल नाकाने, भुकेली, अतिशय आनंदात परत यायची.

तो आनंद मला खुपला. सासू म्हणून नाही. पिशवीवाली म्हणून.

"मलाही शिकव," मी म्हटलं.

"आई, खरंच?"

"माझं मोपेडचं लायसन होतं."

हे खरं होतं. पुण्यात मी बारा वर्षं मोपेड चालवली होती, आणि त्या अनुभवाच्या जोरावर आपण यंत्रातल्या जाणकार आहोत अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊन मी दुकानात गेले.

दुकान ट्रॅक्टर, होड्या आणि स्नोमोबाइल असं सगळं विकणारं. विकणारा माणूस दाढीवाला, शांत. मुलगा दुभाषा म्हणून सोबत होता. मला इंग्रजी येतं, पण मी बोलले की समोरचा माणूस मुलाकडे बघतो, म्हणून तो लागतो. सूनही होती, पण तिला मी आधीच बजावलं होतं की मध्ये बोलायचं नाही, गाडी माझी आहे.

दाढीवाल्याने विचारलं, कुठे चालवणार? सुनेने सांगितलं, चढावर, दाट झाडीत. तेवढं बोलायची मुभा मी तिला दिली. त्यावर तो म्हणाला, मग ही आखूड पट्ट्याची घ्या. पट्टा म्हणजे गाडीच्या पोटाखाली फिरणारा, खाचाखाचांचा रबरी पट्टा, ज्याच्यावर ती पळते. आखूड असला की चटकन वळते. पुढच्या दोन पट्ट्याही, म्हणजे ज्यांना स्की म्हणतात त्या, जवळ जवळ आहेत, त्यामुळे गाडी लगेच कलते. झाडीत कलणारीच गाडी हवी.

कलणारी गाडी! मी मनात हसले. कलणारं काय काय मी आयुष्यात पाहिलं होतं, टेबलं, कपाटं, एक विहीणसुद्धा. ते कुणी पैसे देऊन घेतं का?

आणि तिच्या शेजारी ती उभी होती. लांबलचक. भक्कम. पट्टा असा की संपतच नाही. खोल भुसभुशीत बर्फात ही बुडत नाही, सरळ चढ चढते, असं दाढीवाला म्हणाला, पण झाडीत नको, वळायला जड जाते, नवख्यांना तर नकोच. मी पुढचं ऐकलं नाही. किमतीत फारसा फरक नव्हता आणि वस्तू हातभर जास्त मिळत होती.

आमच्या घरात मापाची वस्तू कुणी कुणाला घेतलेलीच नाही. गणवेश वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या. माझ्या लग्नातला ब्लाउजसुद्धा दोन शिवणी आत दाबून शिवलेला, पुढे लागेल म्हणून. पुढे लागलं, ते सोडा.

"ही मोठी घेऊ या," मी म्हटलं. "वाढत्या अंगाची."

दाढीवाल्याने मुलाकडे बघितलं. मुलाने छताकडे बघत त्याचं जमेल तसं भाषांतर केलं. दाढीवाल्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि अगदी आदराने विचारलं,

"कोण वाढणार आहे?"

सुनेला खोकला आला आणि ती होड्यांच्या बाजूला गेली. मी बर्फात घालायचा सूटही दोन मापं मोठा घेतला, आत स्वेटर मावावा म्हणून. तो सूट आज आमच्या नातीच्या अंगावर आहे. ती आता बारा वर्षांची आहे आणि पुढच्या वर्षी तिला तो नीट होईल. म्हणजे दाढीवाल्याला उत्तर मिळालं, फक्त जरा उशिरा.

काही शनिवार मी मोकळ्या माळावर शिकले. उजव्या अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा, डाव्या हाताने ब्रेक. एक दोरी गाडीला आणि माझ्या जॅकेटला अडकवलेली, आपण पडलो की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. माळावर मी उत्तम चालवली. माळावर कुणीही चालवतं. पण मी घरी येऊन असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मी हिमालय उतरून आले.

मग सुनेने एका शनिवारी मला झाडीत न्यायचं ठरवलं. रस्ता संपतो तिथे आम्ही ट्रक लावला. आमचे हे सोबत होते. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते ट्रकजवळ थांबणार होते, खुर्ची, थर्मास, दशम्यांची पिशवी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. सुनेने माझ्या गळ्यात एक डबीएवढं यंत्र अडकवलं. बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर शोधायला.

"हे काढायचं नाही, आई. मंगळसूत्र समजा."

"मंगळसूत्र मी झोपताना काढते."

"मग हे मंगळसूत्रापेक्षा मोठं समजा." आणि मग ती जरा गंभीर झाली. "आई, खरं सांगते. ह्या झाडीच्या वर डोंगराचा माथा आहे. तिथवर जमलं, तर दर शनिवारी तुम्ही माझ्यासंग. नाही जमलं, तर बाबांसंग ट्रकजवळ बसायचं. मागून रागवायचं नाही. तुम्हाला काही झालं तर मी घरी ह्यांना काय तोंड दाखवू?"

ट्रकजवळ म्हणजे पिशव्यांजवळ. ते तिने म्हटलं नाही, पण यांनी लगेच खुर्ची जरा सरकवून बाजूला जागा केली.

झाडी उभ्या चढावर होती. आपण ज्यांना ख्रिसमसची झाडं म्हणतो तीच, पण हजारोंनी, खांद्याला खांदा लावून, आणि एकावरही दिवा नाही. सून पुढे. ती गाडीवर उभी राहायची, एका अंगाला कलायची आणि दोन झाडांच्या मधून अशी निघून जायची, जशी चतुर बाई लग्नाच्या पंगतीतून दुसऱ्यांदा जिलेबी घेऊन निघते. जाता जाता ओरडली, "झाडाकडे पाहू नका! फटीकडे पाहा!"

मी झाडाकडे पाहिलं.

लग्नात ज्या बाईला टाळायचं असतं, नेमकी तिच्याकडेच नजर जाते, आणि मग ती येतेच. झाडाचंही तसंच आहे. मी हँडल वळवलं. माझ्या वाढत्या अंगाच्या गाडीने ते ऐकून घेतलं आणि सरळ गेली. मी अंग टाकून तिला कलवायला बघितलं. ती भक्कम होती, भक्कमपणासाठीच घेतली होती, कलली नाही. मग घाबरून मी ब्रेक दाबायचा सोडून अंगठा दाबला, आणि तीही दाढीवाल्याने सांगितलं होतं तशीच सरळ चढ चढली आणि दोन झाडांच्या बेचक्यात जाऊन बसली. मी उडून पलीकडच्या झाडाच्या बुंध्याशी. तिथे फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो, हे मला माहीत नव्हतं. कमरेपर्यंत गेल्यावर कळलं.

"आई! हलू नका! फांदी धरून ठेवा!"

मी फांदी धरली. फांदीवरचा बर्फ माझ्या डोक्यावर आला. सून फावडं घेऊन धावत आली, आधी मी श्वास घेते आहे का ते बघितलं, आणि मग मला उकरायला लागली.

"तुम्ही झाडाकडेच पाहून राहिल्या होत्या ना?"

"ते समोर होतं."

"आणि थ्रॉटल काऊन दिला?"

"अंगठा माझा होता, निर्णय माझा नव्हता."

ती हसली नाही. मला बाहेर ओढून काढलं, माझे हातपाय दाबून बघितले, आणि मग शेजारी बर्फात बसली. माझ्या जॅकेटची बाही तिने अजून सोडली नव्हती. आपण चेष्टेत बोलत असताना समोरचा माणूस खराच घाबरलेला असतो, हे कळायला मला इतकी वर्षं आणि एवढा बर्फ लागला.

"आई, परत जाऊ," ती म्हणाली. "बाबांसंग बसा."

मी खाली बघितलं. झाडांच्या फटीतून ट्रक दिसत होता, काड्यापेटीएवढा, आणि शेजारी माझ्या जागेचा ठिपका.

"एकदा तुझी दे," मी म्हटलं. "माझी तू घे. ह्या वेळी तू सांगशील तसंच करीन. पडले, तर उतरते आणि जन्मभर पिशव्या सांभाळते, तोंडातून ब्र काढणार नाही."

जन्मभर मी ब्र काढणार नाही, यावर तिचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. पण ती अंगावरचा बर्फ झटकून उठली.

"ऐका मग. इथून आडवं जायचं, डोंगर आपल्या डाव्या हाताला. गाडी वरच्या बाजूला, डोंगराकडे ठेवायची आहे ना? तर हँडल उजवीकडे वळवायचं. दरीकडे."

"डोंगराकडे जायला दरीकडे?"

"हो. हँडल दरीकडे, आपण डोंगराकडे कलायचं. मग गाडी डोंगराच्या अंगावर पडते आणि धरून राहते. सगळ्यांना हेच समजत नाही, आई. मला लय दिवस लागले."

मला लगेच समजलं. माझ्या लग्नाला तीसहून जास्त वर्षं झाली होती. यांना दादरला न्यायचं असेल तर ठाण्याचं कौतुक सुरू करायचं आणि आपण मात्र मनाने दादरकडे झुकून बसायचं, मग ते आपोआप दादरला येतात आणि वर म्हणतात, मीच आणलं. इतकी वर्षं मी हे करत होते आणि त्याला तंत्र म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

माझी गाडी आम्ही दोघींनी बेचक्यातून ओढून काढली आणि अदलाबदल केली. सुनेची आखूड गाडी हँडल हलवताच कलली. मी किंचाळले. मग लक्षात आलं की ती पडत नाहीये, टेकतेय. मी दोन्ही पाय वरच्या बाजूच्या पायदानावर घेतले आणि हँडल दरीकडे ढकललं, सगळ्या अकलेच्या विरुद्ध. झाड आलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या शेजारच्या फटीकडे पाहिलं, आणि मोपेडवरची जुनी सवय तोंडातून बाहेर पडली, "सरका! सरका!"

झाडं सरकली असं मी म्हणणार नाही. पण अडवलंही नाही कुणी.

दोनदा थांबले, एकदा गुडघ्यावर आले, पण गाडी सोडली नाही. सून माझ्या लांबुळक्या गाडीवरून मागे होती आणि मला दिशा ओरडत होती. शेवटी झाडं विरळ झाली, मोकळा, खोल बर्फाचा चढ लागला, आणि ती माझ्या शेजारून असं काही सुसाट वर गेली की बर्फाचा पडदा माझ्या तोंडावर आला. माथ्यावर जाऊन तिने हेल्मेट काढलं.

"आई, बाप्पा! ही मी ठेवून घेऊ?"

"ठेव. तुझं अंग वाढतं आहे."

मी माथ्यावर उभी राहिले आणि पाहिलं. काय पाहिलं ते सांगणार नाही, नायगाऱ्याहून आलेल्यांनी मला तरी कुठे सांगितलं होतं. एवढंच सांगते, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या दोन्ही हातांत काही नव्हतं.

खाली आलो तेव्हा ट्रकजवळ खुर्ची रिकामी होती. हे पलीकडच्या एका माणसाच्या स्नोमोबाइलपाशी उभे राहून, गुडघे विसरून, इंजिनावर मान हलवत होते. खुर्चीखाली दशम्यांची पिशवी फाटलेली होती आणि दोन भलेमोठे काळे डोमकावळे शेवटच्या दशमीवरून भांडत होते. चटणीचा डबा त्यांनी उघडला होता. चटणी त्यांना तिखट लागली असावी, ती तेवढी शिल्लक होती.

"अगं, मी फक्त एक मिनिट तिकडे गेलो," हे म्हणाले.

सून भुकेने चटणीच्या डब्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत माझ्या मांडीवरून एक चिरमुरा कधी गेला नव्हता.

"मग आई, पुढच्या शनिवारी?" तिने मला हळूच विचारलं.

"येणार. पण आधी आठवडाभर यांना शिकवायला लागेल."

"स्नोमोबाइल?" यांनी आशेने विचारलं.

"पिशव्या," मी म्हटलं.