पंख्याची बॅटरी

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. आमचं बांगड्यांचं दुकान टेम्पोतच होतं. टेंभुर्णीचा बाजार, वडीगोद्रीचा, मंठ्याचा. चार-चार दिवस आम्ही नवराबायको त्यातच राहायचो, त्यातच निजायचो. छताला दिवा अन् छोटा पंखा ह्यांनीच बसवला. जालन्याच्या बॅटरीवाल्या चाचांनी दोन बॅटऱ्या पुढ्यात ठेवून समजावलं होतं, "बेटी, ही गाडीची. एकदम जोर लावते, गाडी चालू झाली की हिचं काम खतम. हिच्यावर घंटे-घंटे पंखा चालवला तर मरते. ही दुसरी ट्यूबलर, जाड प्लेटांची. दिवसभर पंखा फिरवील, कुरकुरणार न्हाई." ह्यांनी दोन्ही घेतल्या.

मला ती दुसरी डोळ्यात खुपायची. मेली धोंड्यासारखी जड, वर बांगड्यांच्या तीन पेट्यांची जागा खाणारी! लग्नसराईत मी भांडून ती घरीच उतरवून ठेवली. "करंट तो करंटच, तिच्यात काय सोनं लागलंय?" ह्यांनी हसून सोडून दिलं. माझ्यापुढं त्यांचं कधी चालायचं न्हाई.

मंठ्याच्या पुढं एका गावचा बाजार कोरड्या नदीत भरायचा. त्या दिवशी सकाळीच ह्यांना ताप भरला, अंग नुसतं तव्यासारखं. मी त्यांना आत निजवलं, पंख्याची वायर गाडीच्या बॅटरीला जोडली अन् बाहेर बायांना बांगड्या भरत बसले. दोनदा आतून आवाज आला, "बंद कर गं, गाडी चालू व्हायची न्हाई."

"पडा गुमान!" मी ओरडले.

दुपारी ते बरळायला लागले. शेजारच्या भांडेवाल्याला गाडी चालवता यायची. त्यानं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. दहा-बारा जण धक्का द्यायला धावले, पण वाळूत चाकं रुतली. गावातून ट्रॅक्टर येईस्तोवर मी ह्यांच्या तोंडात पाणी घालत होते अन् ते तसंच बाहेर येत होतं. मी माझ्याच थोबाडीत मारून घेतलं.

ट्रॅक्टरनं ओढून सडकेवर आणल्यावर गाडी धडधडली. ह्यांनी डोळे उघडले न्हाईत. एवढंच म्हणाले, "झाली ना चालू? मंग लाव आता पंखा."

मी लावला. दवाखान्याच्या दारात डॉक्टर आत चढले, नाडी धरली अन् सोडली. थोड्या वेळानं भांडेवाला म्हणाला, "वहिनी, पंखा बंद करा." माझ्या हातानं तो बंद होईना.