तवनाप्पाच्या राजाची उडी

कुरुंदवाडात तवनाप्पा मगदूमची पिठाची गिरणी होती, पण लोक दळणापेक्षा गिरणीपुढच्या कट्ट्यावरच जास्त रेंगाळायचे. तिथं बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला. डाव देशी रीतीचा. प्यादं एकेकच घर पुढं सरकायचं, आणि राजाला शह बसलेला नसेल तर सबंध डावात एकदा घोड्यागत अडीच घरं उडी मारायची मुभा. ही उडी नेमकी कधी काढायची, यात तवनाप्पाचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पुढ्यात वाढलेली मात तो अशी हुकवायचा की समोर बसलेला बाबू कासार बांगड्यांची पेटी बाजूला सारून म्हणायचा, "तवनाप्पाचा राजा घोड्याच्या पोटचा हाय."

तवनाप्पाची पद्मल याच कट्ट्यावर वाढली. दळणाच्या डब्यांआडून बघत बघत शिकली, आणि परकरात होती तेव्हाच बाबूला घाम फोडायला लागली. पुढं शाळेतल्या मास्तरांनी तिला साऱ्या जगात चालतात त्या नियमांचं पुस्तक दिलं. ते तिनं पाठ केलं. जिल्ह्यात पहिली आली आणि कॉलेजात असताना राज्याच्या स्पर्धेला सोलापूरला गेली. तिथं शेवटच्या फेरीत नुसती बरोबरी केली असती तरी अजिंक्यपद तिचंच होतं.

डावही तिच्याच बाजूनं झुकलेला. हत्ती जास्तीचा होता. समोरच्या पुण्याच्या मुलीनं वजीर राजाच्या अंगावर आणला; शह अजून नव्हता. आणि पद्मलच्या हातानं, डोक्याला न विचारता, राजा उचलून अडीच घरं पलीकडं ठेवला.

पुण्याची मुलगी आधी गोंधळली, मग तिनं पंचांना बोलावलं. पंच भला माणूस होता, पण नियम तो नियम. चाल रद्द, आणि शिवलेला मोहरा हलवायलाच हवा. राजाला जायला एकच घर होतं. तिथं मात होती.

घरी आल्यावर तवनाप्पानं विचारलं, कुठं चुकलीस?

"तुमची उडी मारली, आण्णा. तिथं चालत न्हाई ती."

तो हसला नाही. तेव्हा हिचाच राग उसळला. यापुढं मी तुमच्यासंगं खेळणार नाही, म्हणाली. तुमच्यापुढं बसत राहिले तर हा हात जन्मात सुधारायचा नाही. बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. आई गेल्यापासून या माणसाला दुसरी करमणूक कुठली होती?

तवनाप्पा काही दिवस नुसता गिरणीचा पट्टा चढवायचा, उतरवायचा. मग एका दुपारी वीज गेली तसा हात झाडून पट घेऊन तिच्यापुढं येऊन बसला.

"शिकीव. तुझं ते नवं."

"तुम्हाला?"

"मग कुणाला, बाबूला? गाव उड्या मारतंय तंवर तुझा हात गप बसंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कट्ट्यावर जाहीर केलं, हितनं पुढं देशी डाव बंद. जो राजाची उडी मारील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. त्या पावसाळ्यात बहुतेक चहा त्यानंच पाजला. ज्यांनी त्याला कधी हरवलं नव्हतं ते आता मागची सगळी उसनवारी फेडून घ्यायला लागले. किल्लेकोटाला, म्हणजे राजाला हत्तीआड कोपऱ्यात लपवायच्या चालीला, तो 'राजाला पेवात घालणं' म्हणायचा आणि नेमका वेळेवर विसरायचा. बाबू तर बांगड्या विकायचं सोडून आला. म्हणाला, घोड्याचं शिंगरू लंगडं झालं की रं.

पद्मलला ते बघवेना. एकदा तिनं पट मोडायला हात घातला, तर तवनाप्पानं तिचा हात बाजूला केला.

"तू तुझी चाल बघ. हरतोय मी, तुला कशाला दुखतंय?"

वर्षानं राज्याची स्पर्धा नाशकाला झाली. शेवटच्या डावात पद्मलचा हात पुन्हा राजाकडं निघाला आणि वाटेतच थांबला. तिनं तो मांडीखाली घातला, बराच वेळ बसून राहिली, मग कडेचं प्यादं सरकवलं. राजाला निसटायला खिडकी झाली. राज्याचं अजिंक्यपद घरी आलं.

देशाच्या स्पर्धेत मात्र पहिल्या वर्षी ती पार तळाला गेली. पुढल्या वर्षी थोडी वर. पाहुणे स्थळं घेऊन यायचे, पोरगी किती दिवस लाकडं हलवणार म्हणायचे. तवनाप्पा त्यांना चहा देऊन म्हणायचा, आधी डाव, मग मांडव.

मग एका वर्षी चेन्नईला, देशाच्या अजिंक्यपदाच्या शेवटच्या डावात, समोरच्या मुलीनं आपला राजा आडवा केला आणि हात पुढं केला, तेव्हा पद्मलला क्षणभर कळेचना की आता काय करायचं असतं. हात मिळवून ती थेट बाहेर आली आणि कट्ट्यासमोरच्या चौगुल्यांच्या किराणा दुकानात फोन लावला. चौगुल्यांनी ऐकलं आणि फोन तसाच टेकवून ओरडत बाहेर पळाले. पद्मलला इकडं गिरणीचा पट्टा ऐकू येत होता, माणसांचा गलका ऐकू येत होता. जरा वेळानं चौगुले परत आले.

"येत न्हाईत ते," ते धापा टाकत म्हणाले. "डाव मोडायचा न्हाई म्हणत्यात. तुला थांब म्हटलंय."

पद्मल थांबली. मागं लोक फोनसाठी ताटकळत उभे, ती कुणाकडं बघेना. मग पलीकडं एकदम मोठा हशा झाला, चपला फरफटल्या आणि फोनवर पिठानं बसलेला तो आवाज आला.

"बाबूला मात दिली. नव्या रीतीनं. हं, आता तुझं सांग."