सेतुरावांचा मध्यबिंदू

सेतुरावांच्या जाण्यानं चेन्नईतल्या मराठी समाजाचा मध्यबिंदू हरपला. वाक्य माझं नाही. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी ते शोकसभेत उच्चारलं आणि टाळ्यांच्या सवयीनं क्षणभर थांबलेसुद्धा. मध्यबिंदू हा शब्द त्यांना रावांकडूनच मिळाला असणार. राव मात्र तो समाजाबद्दल वापरत नसत, टी-शर्टाबद्दल वापरत. मला बातमी कळली ती त्यांच्या पत्नीच्या, सुगुणाबाईंच्या फोनवरून. "राव गेले पहाटे," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुमच्या ऑफिसचे शर्ट तेवढे पुढच्या आठवड्यात देते. कोपू नका."

राव तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या बोलण्यात जुनं 'कोपू नका' आणि तमिळ 'कोंजम', म्हणजे थोडंसं, शेजारीशेजारी सुखानं नांदत. नोकरी एका मोटारींच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समनची. जन्मभर सरळ रेघा ओढल्या. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा आत्मचरित्र लिहितात. रावांनी अंबत्तूरला एक गाळा आणि हीट प्रेस घेतला, त्यामानानं उपद्रव कमी. या मशीनवर खाली शर्ट पसरायचा, त्यावर छापाचा कागद ठेवायचा आणि तापलेलं झाकण दाबायचं. कागद कुठे ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न, आणि रावांच्या मते जगात दुसरा प्रश्नच नव्हता. मी सिरुसेरीतल्या एका आयटी कंपनीत नोकरी करतो. आमच्याकडे प्रत्येक प्रकल्पाचा शेवट टी-शर्टानं होतो, प्रकल्प संपो न संपो. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा अंगात दुसऱ्या दुकानातला शर्ट होता. राव माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले.

"काय हो पुणेकर, नाव पोटावर? पोट म्हणजे काय दुकानाची पाटी?"

"मग कुठे हवं?"

"गळ्याखाली चार बोटं. कोणाची ते विचारा की."

"कोणाची?"

"माझी," राव म्हणाले आणि मला शर्ट काढायला लावला.

आता त्यांच्या मानेबद्दल सांगायला हवं. कारखान्यात असताना ते स्कूटरवरून पडले होते. तेव्हापासून मान कायमची डाव्या खांद्याकडे कललेली, शेजारचा काही कुजबुजतोय आणि हे ऐकतायत अशी. नजर उत्तम होती. घोटाळा एवढाच, की राव हिशेबी होते. "मान डावीकडे, म्हणजे मला सगळं तिरकं दिसणार. म्हणून मी छाप कोंजम उजवीकडे झुकवून ठेवतो," ते सांगत. असं काही करावं लागत नाही, डोळा आपलं आपण जुळवून घेतो, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. रावांचं म्हणणं, डॉक्टर कुठे ड्राफ्ट्समन आहे? परिणामी मंडळाच्या गणेशोत्सवाचे शर्ट आले, त्यावर बाप्पा उजवीकडे असे रेलले होते की जणू त्यांना तक्क्या हवा होता. अध्यक्ष तोच शर्ट अंगात घालून तक्रार घेऊन गाळ्यावर गेले. सोबतीला मी.

"राव, बाप्पा कलंडलेत."

"बाप्पा सरळ आहेत. तुम्ही कलंडलायत." रावांनी अध्यक्षांचे दोन्ही खांदे धरले आणि गणपती उभा होईपर्यंत त्यांना माझ्या डावीकडे वाकवलं. "आता बघा."

मी समोरून बघितलं. गणपती अगदी सरळ होता. अध्यक्षांनी त्या वर्षीची आरती त्याच अवस्थेत म्हटली.

पुढच्या वर्षीपासून मात्र छाप चोख यायला लागले. रावांचा हात बसला, असं सगळे म्हणू लागले, राव सर्वांत मोठ्यानं. एकदा माझ्या ऑर्डरीसाठी गाळ्यावर बसलो असताना खरा प्रकार दिसला. मशीनवर शर्ट पसरायचं काम सुगुणाबाईंकडे. त्या तो बरोबर तेवढाच उजवीकडे तिरका टाकत होत्या. त्यावर राव त्यांच्या हिशेबानं तिरका छाप ठेवत. दोन वाकड्या गोष्टी एकमेकींवर बसून शर्ट सरळ निघत होता. "आता कुठे हिला शर्ट सरळ टाकायला जमतंय," राव मला कौतुकानं म्हणाले.  बाईंनी फक्त माझ्याकडे एक नजर टाकली आणि पुढचा शर्ट उचलला.

राव कॉफी सांगायला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, "बाई, त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? जन्मभर रेघा ओढल्या त्यांनी. घरात भिंतीवर खिळा ठोकायचा तरी पट्टी लावत. तुमचा हिशेब चुकला म्हणून सांगितलं तर उद्यापासून गाळ्यावर येतील का ते? खुर्चीत बसून राहतील." त्यांनी पुढचा शर्ट झटकला आणि तिरका पसरला. "शर्टाला काय... जसा टाकू तसा पडतो. माणसाचं तसं नाही."

शेवटची भेट अण्णा नगरच्या इस्पितळात. रावांना बोलायचे कष्ट होत होते, तरी नजर समोरच्या भिंतीवर. तिथे मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, तसबीर होती, अगदी सरळ. "ती... कोंजम उजवीकडे घ्या," ते म्हणाले. सुगुणाबाई उठल्या आणि तसबीर वाकडी केली. "आता बरं," म्हणून रावांनी डोळे मिटले. नर्स आली, तिनं जाता जाता तसबीर सरळ केली. ती दाराबाहेर पडताच बाई पुन्हा उठल्या. दुपारभर हे चाललं होतं. 

मंडळानं ठरवलं, की स्मृतिदाखल रावांच्या फोटोचे टी-शर्ट काढायचे. नाव नको, मजकूर नको, गोलात फक्त चेहरा. राव आणखी कशात शोभले असते? काम सुगुणाबाईंनी एकटीनं केलं. मी गेलो तेव्हा त्या शर्ट पसरत होत्या, नेहमीसारखा उजवीकडे तिरका, आणि फोटो मात्र सरळ ठेवत होत्या. आता वर तिरका छाप ठेवणारा हात नव्हता. म्हणजे फोटो शर्टावर डावीकडे झुकणार, हे उघड होतं.

"बाई, शर्ट..."

"माहीत आहे. हाताला सांगून पाहिलं. ऐकेना."

त्यांनी झाकण दाबलं. झाकण उघडलं, तसा वाफेतून रावांचा चेहरा वर आला. फोटोत त्यांची मान डाव्या खांद्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. फोटो झुकलेला डावीकडे. दोन्ही झुकाव पुन्हा एकदा एकमेकांत जिरले होते आणि गळ्याखाली चार बोटांवर, छातीच्या बरोबर मध्यावर, राव ताठ मानेनं बघत होते. स्कूटरवरून पडल्यानंतर प्रथमच. बाई बराच वेळ शर्टाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी त्याची घडी घातली आणि पुढचा घेतला, तोही तिरका.

मंडळाच्या कार्यक्रमात पहिला शर्ट अध्यक्षांना देण्यात आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरून सभेला दाखवला, मग आपल्याकडे वळवून निरखून पाहिला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हे कोण?"