साडूभाऊंना न पटलेल्या बॅटऱ्या

जगात आजवर जेवढ्या बॅटऱ्या तयार झाल्या त्यांतली एकही आमच्या साडूभाऊंना पसंत पडली नाही, आणि ते आणखी शंभर वर्षं जगले असते तरी पडली नसती. हे माझं एकट्याचं मत नाही. आदिलाबादच्या बसस्टँडपासून कापसाच्या बाजारापर्यंत बॅटरीची जेवढी दुकानं होती, त्या सगळ्या दुकानदारांचं यावर एकमत होतं, आणि हे दुकानदार एरवी कशावरही एकमत होणारे नव्हते. साडूभाऊ रस्त्याच्या टोकाला दिसले की कोणाला जेवायची वेळ झाल्याचं आठवे, कोणाला नमाजाची. एक तेलुगू शेटजी तर गल्ल्यावर बायकोला बसवून मागच्या दारानं चहाला पसार होत. साडूभाऊ शांतपणे स्टुलावर टेकत, खिशातून ऍसिडची ताकद मोजायची काचेची नळी काढत आणि समोरच्या कोऱ्या करकरीत बॅटरीकडे एखाद्या लाचखोर पटवाऱ्याकडे पाहावं तसं पाहत. मग तिच्या प्लेटा जाड की पातळ, ती दम धरून चालते की पहिल्या तासातच सगळं ओतून मोकळी होते, पूर्ण उतरली तर पुन्हा भरते की तशीच मरते, असा जाबजबाब सुरू होई. दुकानदार कावून म्हणे, "साब, आखिर लगाना किसमें है? ट्रक में या ट्रॅक्टर में?" साडूभाऊ म्हणत, "घर में." आणि घर कुठं आहे असं त्यानं विचारलं की बाहेर बोट दाखवत. बाहेर त्यांची गाडी उभी असे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. महसूल खात्यात गिरदावर होते, म्हणजे पटवाऱ्यांच्या डोक्यावरचे साहेब. सगळी नोकरी दौऱ्यावर गेली. आधी सायकलवर, मग जीपमध्ये, मध्येच बैलगाडीत, पण मुक्काम कायम बाहेर: कधी चावडीत, कधी शाळेच्या पडवीत, नाहीतर सरळ झाडाखाली. त्यामुळं चार भिंतींच्या आत त्यांना झोपच येत नसे. आमच्याकडे आले की बाज अंगणात टाकत, आणि आदिलाबादच्या पौषातल्या थंडीत घोंगडी पांघरून तिथंच पडत. सकाळी दात वाजवत आत येत आणि हवा छान होती म्हणून सांगत. नजर मात्र कायम मोजणीची. माझ्या पुतण्याच्या लग्नात सगळे वरात पाहत असताना यांनी मांडव पाहिला, आणि तो शेजाऱ्याच्या जागेत हातभर शिरल्याचं वधूपित्याला ऐन पंगतीच्या वेळी सांगितलं. शेजारी इतका वेळ आनंदानं पंगतीत वाढत होता. त्यानं ते ऐकलं आणि बुंदीचं ताट तिथंच ठेवून दिलं.

या माणसाच्या संसाराला आक्का होत्या. सगळे त्यांना आक्काच म्हणत. मूलबाळ नव्हतं. आयुष्य सासू-सासऱ्यांचं करण्यात आणि नवऱ्याची वाट पाहण्यात गेलं. साडूभाऊ दौऱ्यावरून परतले की जेवताना पाहिलेलं सगळं सांगायचे. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, इंद्रवेल्लीच्या पुढं जंगलात सकाळी धुकं कसं बसतं, कुठल्या गावात मोहाची झाडं किती. आक्का ऐकायच्या आणि म्हणायच्या की एकदा पाहायला पाहिजे. नोकरी संपली की नेतो, असं साडूभाऊ म्हणायचे. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली तेव्हा नोकरी संपली, पण त्याच सुमारास आक्कांचे डोळेही संपायला लागले होते. आधी हैदराबादला दाखवलं, मग नागपूरला. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा आतून वाळत चालला आहे आणि त्याला औषध नाही. आधी संध्याकाळ जाते, मग बाजू जातात, आणि नळीतून पाहावं तेवढं शेवटी उरतं, तेही किती दिवस ते सांगता येत नाही.

दिवसा आक्का ठीक असायच्या. दिवेलागणीला मात्र त्यांची घालमेल सुरू व्हायची. कंदिलाच्या उजेडात त्यांना दार कुठं आणि भिंत कुठं हे कळत नसे. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या, कोणी हलवल्याशिवाय हलायच्या नाहीत. घरात लख्ख ट्यूबलाईट असली की त्या पुन्हा माणसात यायच्या, भाकरीसुद्धा थापायच्या. म्हणूनच साडूभाऊंनी जेव्हा लिलावात एक मोडीत निघालेली मॅटाडोर गाडी घेतली, आत दोन बाजा, स्टोव्ह, पाण्याचा पिंप असं घर मांडलं, आणि चला म्हणाले, तेव्हा आक्कांनी एकच अट घातली. घरी असतो तेवढा उजेड तिथं पाहिजे. जंगलात तारा नव्हत्याच, आणि ज्या गावांत होत्या तिथं वीज पाहुण्यासारखी यायची. साडूभाऊंचा बॅटरीशी संबंध आला तो असा.

पहिली खेप भीमपूरकडे, पैनगंगेच्या काठी. बसमध्ये आत असते तशी ट्यूबलाईटची लहान नळी त्यांनी मागच्या दाराच्या चौकटीवर लावली होती आणि ती गाडीच्याच बॅटरीला जोडली होती. जेवणं होईपर्यंत उजेड छान पडला. आक्का खूश होत्या. सकाळी गाडी चालू होईना. कापूस वेचायला निघालेल्या माणसांनी ढकलली, मग कोणीतरी बैल जुंपले, आणि सरकारी रुबाबाचे हे निवृत्त साहेब बैलांच्या मागं स्टिअरिंग धरून बसलेले साऱ्या गावानं पाहिले. परतल्यावर ते मला गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, एका गड्याले दोन मालक देऊ नये. गाडीची बॅटरी वेगळी, घरची वेगळी." आणि मग त्यांनी घरची म्हणून एक दांडगी ट्रकची बॅटरी आणली. ती दोन खेपांतच ढेपाळली. इंजिनाला एका झटक्यात फिरवायचं एवढंच तिचं काम, तासन्‌तास थोडं थोडं देत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. असे तहसीलदार त्यांनी पाहिले होते म्हणे, आल्या आल्या तीन जणांना निलंबित करायचे आणि मग वर्षभर झोपायचे. दुकानात जाऊन ते सांगून आले की मला पैलवान नको, पाणक्या पाहिजे, जो दिवसभर न दमता घागरी वाहील.

पाणक्या सापडला तो टेलिफोन एक्स्चेंजच्या भंगारात. काचेच्या बरण्यांसारखे सहा सेल, आत बोटाएवढ्या जाड प्लेटा. एकेकाचे दोन व्होल्ट, सहा जोडले की बारा. साडूभाऊंनी ते घरी आणले तेव्हा एखादा देव आणावा तसे आणले. ती काचपात्रं एका जागी बसून राहायला केलेली होती, घाट चढायला नव्हे, हे मी भीत भीत सुचवलं, पण मास्तर लोकांनी शाळा पाहावी असं उत्तर मिळालं. इंद्रवेल्लीच्या वाटेवर एका वळणावर ऍसिड उसळलं आणि त्यांची पँट, आक्कांची गोधडी आणि पिठाचा डबा यांना भोकं पडली. दुसऱ्या दिवशी ते तशाच पँटनं तहसील कचेरीत पेन्शनच्या कामाला गेले आणि शिपायानं त्यांना व्हरांड्यातच थांबवलं. आम्ही सगळे खूप हसलो. गोधडी शिवायला आक्का ओसरीत बसल्या होत्या. भर दुपार होती, तरी त्या भोकं बोटांनी चाचपून शोधत होत्या. माझ्या बायकोनं ते पाहिलं, आणि मग आमचं हसू थांबलं.

पुढची काही वर्षं अशीच गेली. बॅटऱ्या सुधारत गेल्या आणि आक्कांचे डोळे उतरत गेले. साडूभाऊ जणू शर्यत लावल्यासारखे धावत होते. उजेड कमी पडतो म्हणून एका नळीच्या दोन केल्या. दोन नळ्यांना बॅटरी पुरेना म्हणून बॅटरी मोठी केली. ती भरायला इंजिन पुरेना म्हणून कुठंही पोचण्याआधी विनाकारण दहा कोस फिरून यायला लागले. नव्वदनंतर घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या बॅटऱ्याही आल्या. सपाट प्लेटांच्या जागी आत नळकांडी असलेल्या, सावकाश देणाऱ्या, खोलवर उतरल्या तरी पुन्हा उठणाऱ्या. साडूभाऊंनी नागपूरहून अशी एक आणवली. आठवडाभर अंगणात दिव्याच्या दोन्ही नळ्या जाळून परीक्षा घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं की ही ठीक दिसते. त्या आनंदात त्यांनी आम्हा नवरा-बायकोलाही गाडीत घातलं आणि पाऊस सरल्यावर आम्ही कुंतलाच्या धबधब्याकडे निघालो.

धबधब्याच्या अलीकडे झाडीत गाडी लावली. पाण्याचा आवाज येत होता. आक्का मागच्या दारात पाय सोडून बसल्या होत्या, बायको स्टोव्हवर भात टाकत होती. दिवस बुडाला तसं साडूभाऊंनी बटण दाबलं आणि दोन्ही नळ्या अशा लागल्या की समोरच्या सागाच्या पानांच्या शिरा मोजून घ्याव्यात. मी वाहवा म्हणणार एवढ्यात आक्का म्हणाल्या, "अवो, लावा ना आता नळी. अंधारून राह्यलं."

त्या नळीच्या अगदी खाली बसल्या होत्या. उजेड त्यांच्या कपाळावर, उघड्या डोळ्यांवर पडलेला होता.

साडूभाऊंचा हात अजून बटणावरच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या माणसाला पटवाऱ्यांवर ओरडताना पाहिलं होतं, दुकानदारांशी भांडताना पाहिलं होतं, पण त्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. मग ते अगदी नेहमीच्या कुरकुऱ्या आवाजात म्हणाले, "लागून नाई राह्यली. हाही माल हलकाच निघाला." आणि त्यांनी बटण बंद केलं. माझी बायको काही बोलायला गेली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. नंतर पाण्याच्या बाजूला गेलो तेव्हा मी म्हणालो की निदान आमच्यासाठी तरी दिवा ठेवायचा होता. ते म्हणाले, "बॅटरी बसली म्हटलं ना? मंग बसली." पण ताटं वाढायची वेळ आली तेव्हा आमचीच पंचाईत झाली. अंधारात काही सुधरेना. शेवटी त्यांनी न बोलता बटण पुन्हा दाबलं आणि आम्ही लख्ख उजेडात, उजेड नसल्यासारखे, जपून जपून जेवलो.

त्यानंतर साडूभाऊंचं वेड पराकोटीला गेलं, असं गाव म्हणायला लागलं. चांगली धडधाकट बॅटरी ते दुकानात परत नेऊन ठेवत. दुकानदार तपासून दाखवी, बल्ब लावून दाखवी, हात जोडी. साडूभाऊ म्हणत, मला पटत नाही. चहाच्या टपरीवर लोक त्यांची नक्कल करत. मी तिथं बसलेलो असलो तर मलाही हसावं लागे. दर हिवाळ्यात नवी बॅटरी, नवी खेप, आणि परत आल्यावर आक्कांसमोर त्या बॅटरीची यथेच्छ निंदा. "यंदाची बी गेली," असं ते ओसरीत मोठ्यानं सांगत आणि आक्का मान हलवत.

ते गेले ते मात्र घरात, चार भिंतींच्या आत, छातीत कळ येऊन. त्या दिवशी आक्कांना त्यांच्या शेजारी बसवलं तेव्हा त्यांनी बराच वेळ त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. गाडी विकली. आक्का आमच्याकडे राहायला आल्या. एका सायंकाळी आम्ही दोघंच व्हरांड्यात बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की एवढा खटाटोप केला, पण बिचाऱ्यांना मनासारखी बॅटरी काही मिळाली नाही.

आक्का म्हणाल्या, "बॅटरी चांगली होती, मास्तर."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"नळी लावली का किडे येतात," त्या म्हणाल्या. "कुंतलाले माह्या भातात आले होते. अंधारात किडे जेवाले येत नाईत."

मग तेव्हाच बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्या जरा हसल्या. "बोलली असती तं ते घरी बसले असते. बॅटरी खराब हाये म्हणून तं नवी आणत. नवी आणली का तपासाले जंगलात जा लागे. म्या काऊन बोलू?"

तुम्हाला कळलं आहे हे त्यांना ठाऊक होतं का, असंही मी विचारलं. कोणाले मालूम, म्हणाल्या. मग त्या बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं बोलत राहिल्या. डोळे गेल्यावर कुठंही गाडी थांबली की साडूभाऊ खाली उतरायचे आणि त्यांना जागा सांगायचे, कागदावर जमिनीची चतुःसीमा लिहितात तशी. पूर्वेला नाला, पाणी गुडघाभर. पश्चिमेला मोहाची झाडं, एक वठलेलं. दक्षिणेला कोलाम आदिवासीचं शेत, ज्वारी निसवून कणसं बाहेर आली आहेत, राखणीला म्हातारा आहे, त्याच्या डोक्याला लाल फडकं. उत्तरेला डोंगर, त्यावर ढगाची सावली, ती आता सरकली, आता खाली उतरली. चारी दिशा पुऱ्या झाल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. आक्का म्हणाल्या की डोळे होते तेव्हा आपण कधी एवढं पाहिलं नव्हतं.

तोवर बाहेर अंधार पडत आला होता. शाळेची पोरं घरी गेली होती, समोरचा पानवाला दुकान झाडत होता, कापसाची एक गाडी वजनकाट्याकडे चालली होती आणि तिच्यातून उडालेला थोडा कापूस आमच्या फाटकाला अडकून हलत होता.

आक्कांनी तोंड तिकडं वळवलं आणि विचारलं, "समोर काय हाये, मास्तर?"

मी म्हणालो, "रस्ता आहे."

पुढचं ऐकायला त्या बराच वेळ थांबल्या होत्या.