आमच्या वाट्याची पट्टी

लाकडी पट्टी गालावर बसली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मारणारी माझ्याच वर्गातली पोरगी होती, सातवीतली. मी विशेषणाला क्रियाविशेषण म्हटलं होतं.

इंग्रजीच्या सरांचा नियमच होता. फळ्यावर वाक्य लिहायचं, एका शब्दाखाली रेघ मारायची. नाम, विशेषण की क्रियाविशेषण? जो चुकेल त्याच्या मुस्काटात बरोबर सांगणाऱ्यानं मारायची. फी भरणारी पोरं एकमेकांना हातानं मारायची, हसत हसत. आम्ही तिघं मागच्या बाकावर. सरकारी कोट्यातून फुकट आलेले, तिघंही बौद्ध वस्तीतले. आम्हाला मारायचं असलं की सर टेबलावरची पट्टी पुढं करायचे. मला वाटायचं, आमची चूक मोठी म्हणून मारही मोठा. काय खुळी होते मी!

चिडून शिकले. माय भाकरी थापायची, मी समोर बसून घोकायचे. भाकर, नाम. करपलेली, विशेषण. गुमान खाल्ली, तर गुमान हे क्रियाविशेषण. माय म्हणायची, "आधी जेव, मंग बडबड."

एक दिवस पुढच्या बाकावरचा बिल्डरचा मुलगा चुकला. मी हात वर केला. बरोबर सांगितलं. उठून त्याच्याजवळ गेले. तो मागं सरकला.

"सर, हिला हात लावू देऊ नका."

सरांनी शांतपणे पट्टी माझ्यापुढं धरली. "पट्टीनं मार. हात लागता कामा नये."

तेव्हा कळलं. मार खाताना पट्टी, मारतानाही पट्टी. आमच्या कातडीचा विटाळ! संभाजीनगरसारख्या शहरात, इंग्रजी शाळेत, टाय लावलेल्या माणसाकडून. माझं डोकं फिरलं. पट्टी गुडघ्यावर मोडली आणि त्या पोराच्या गालावर पाची बोटं उमटवली. सरांनी वेणी धरून मला फळ्यावर आपटलं. ओठ फुटला, रक्त शर्टावर आलं. तेव्हा मात्र त्यांना विटाळ झाला नाही.

माय वाळूजच्या कंपनीत झाडू मारायची. हेडबाईंनी तिला कामावरून बोलावून घेतलं. "मुलीला माफी मागायला सांगा. नाहीतर दाखला घेऊन जा."

मायनं माझा ओठ पदरानं पुसला. मग एकच विचारलं, "बाई, माझ्या पोरीला मारायला पट्टीच कशापायी लागती?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. माय माझ्याकडं वळली.

"माफी मागती का?"

"नाय."

"मंग उद्या येळंवर उठ. शाळा हाय."

त्या दिवशी जे ठरवलं ते आजही तसंच आहे. माफी मागणार नाही. माझी जागाही सोडणार नाही. मला मारायचं असेल त्यानं हातानं मारावं. आणि पुढच्या क्षणी माझा हात त्याच्या थोबाडावर असेल, हे धरून चालावं.